छत्तीस पानांची जाळी

आमच्या मुलीच्या लग्नाला येत्या फेब्रुवारीत चार वर्षं होतील. लग्नातलं जेवण, पाहुण्यांची झोपायची सोय, उशिरा आलेला फोटोग्राफर हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. स्वच्छ आठवते ती फक्त जाळी. अजूनही थंडीत दुपारी गच्चीवर गेलो की मला बरं वाटतं, आणि का बरं वाटतं ते बायकोला सांगावं लागत नाही.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. नोकरीमुळे दिल्लीत आलो आणि लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते आणि तिच्या डोक्यावरून पाठीवर पांढरी जाळी सोडलेली असते. साडी मामाने द्यायची आणि जाळी आत्याने, असा आमच्या घराण्याचा रिवाज. तो कुणी घातला हे मला कुणी सांगू शकलेलं नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. बहुतेक आत्या पुण्याच्या कँपातून तयार जाळी आणतात, कडेला लेस लावून घेतात आणि मोकळ्या होतात.

आमच्या मुलीची आत्या, म्हणजे माझी थोरली बहीण, मोकळी होणाऱ्यांतली नव्हती. मी तिला आक्का म्हणतो. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि दिल्लीत रिजच्या टेकडीवर, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला राहून तिने सगळी नोकरी केली. मेट्रन म्हणून रिटायर झाली आणि आमच्याकडे राहायला आली. "वन्सं तिकडे रिटायर झाल्या, इकडे अजून ड्यूटीवर आहेत," असं माझी बायको म्हणते. चादरीचे कोपरे अजून आक्काच्या पद्धतीनेच दुमडले जातात.

साखरपुड्याच्या दिवशी, चर्चमधल्या सात-आठ बायका घरात बसलेल्या असताना, आक्काने जाहीर केलं की जाळी ती स्वतः विणणार. हाताने, दोन सुयांवर, लोकरीची.

मग एकीने हळूच विचारलं, "डोक्यावर लोकर? फेब्रुवारीत?"

"बारीक लोकर," आक्का म्हणाली. "कोळ्याच्या जाळ्यासारखी. तुम्ही पाहिली नसेल."

तिने स्वतः ती एकदाच पाहिली होती. ट्रेनिंगच्या काळात दवाखान्यात एक वयस्क स्कॉटिश नर्सबाई होत्या. त्या दुपारच्या सुट्टीत आपल्या भाचीच्या लग्नासाठी अशी शाल विणत आणि आक्का त्यांच्या शेजारी बसून बघत असे. पानांची नक्षी होती. सुईवर दोरा घेऊन एक टाका वाढवायचा, दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. जिथे वाढवला तिथे भोक पडतं, आणि भोकांच्या ओळीतून पान उमटतं. आक्काने ती नक्षी पाठ केली होती. शाल पुरी झाल्यावर बाईंनी ती पार्सलने घरी पाठवली. चाळीस वर्षं आक्काने स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या, पण ते पान परत कधी विणलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने बायकांना सांगितली नाही. तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. हाडांच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. "एवढं एक करते आणि बंद करते," ती मला म्हणाली. "आयुष्यात एकाच मुलीची आत्या आहे मी."

सरोजिनी नगर मार्केटमधली सगळ्यात बारीक लोकरसुद्धा तिला दोरखंडासारखी वाटली. आमच्या खालच्या मजल्यावर एक पंजाबी बाई राहतात, त्यांना सगळी कॉलनी भाभीजी म्हणते. त्यांनी सांगितलं की पानिपतला शालींसाठी लागणारा लोकरीचा बारीक धागा मिळतो. मी एका शनिवारी गाडीने पानिपतला निघालो. दारात बायको म्हणाली, "पानिपताहून मराठी माणूस काही घेऊन परतल्याचं ऐकलेलं नाही. बघा तुम्हाला जमतंय का."

संध्याकाळी मी पांढऱ्या धाग्याच्या सहा लडी घेऊन परतलो. धागा इतका बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता. आक्काने तो बोटांवर गुंडाळून पाहिला आणि मान हलवली. तिच्याकडून एवढी तारीफ पुष्कळ झाली.

आता हिशोब. तो माझ्याकडे आला, कारण मी सरकारी हिशोब खात्यात आहे आणि घरात टेप माझ्याच खणात असतो. जाळी सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद हवी होती. किती टाके घालायचे हे ठरवायला आधी नमुना लागतो. आक्काने सहा पानं रुंद आणि सहा पानं उंच असा एक चौकोन विणून दिला. मी तो ऑफिसात नेला. जेवणाच्या सुट्टीत निवांत मोजावा म्हणून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या साहेबांच्या कपातला चहा त्यावर सांडला. मी तो नळाखाली धुतला, पिळला, टेबलावर हाताने ताणून सरळ केला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला, म्हणजे इस्त्री केल्यासारखा राहील. तो शुक्रवार होता. सोमवारी पाहतो तर तो सुकून सुंदर सपाट झालेला. पानं अशी उठून दिसत होती की शिपाईसुद्धा वाकून बघून गेला. मी स्केल लावली. सहा पानं, नऊ इंच रुंद, साडेदहा उंच. म्हणजे एक पान रुंदीला दीड इंच, उंचीला पावणेदोन. चोपन्न इंचांना छत्तीस पानं, चौऱ्याऐंशी इंचांना अठ्ठेचाळीस. इतका सोपा हिशोब मला त्या वर्षात दुसरा मिळाला नाही. नमुना छान दिसत होता म्हणून मी तो काचेखालीच राहू दिला, सुट्ट्यांच्या यादीच्या शेजारी.

नोव्हेंबरपासून आक्का रोज जेवण झाल्यावर समोरच्या लॉनवर जाऊन बसायची. दिल्लीत थंडीच्या दुपारी क्वार्टरमधल्या बायका उन्हात सतरंज्या टाकतात, शेंगा सोलतात आणि विणतात. तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळ्यांच्या हातात सुया असतात. त्यात आक्का एकटीच खुर्चीवर, मांडीवर धुतलेला पांढरा टॉवेल, आणि शेंगांपासून चार हात लांब. हात साबणाने धुतल्याशिवाय सुईला शिवायची नाही. सांधे आखडले की बोटं उन्हात धरून बसायची आणि परत सुरू करायची.

भाभीजी तिला चिडवायच्या. "बहनजी, मच्छरदानी कब पूरी होगी?"

"आपकी बेटी के टाइम भी लगा दूँगी, फिकर मत करो," आक्का म्हणायची.

डिसेंबरात ती मला एकदा म्हणाली, "अरे, लांबीला कमी वाटतेय."

"सुईवर गोळा झाली आहे म्हणून तसं वाटतं. पानं मोज. हिशोब बरोबर आहे," मी म्हणालो.

जानेवारीत परत म्हणाली. मी परत तेच सांगितलं. माझ्या हिशोबावर तिचा विश्वास होता, कारण मी दहा वर्षांचा होतो तेव्हा तिनेच मला दशांश शिकवले होते.

लग्न फेब्रुवारीतल्या एका शनिवारी होतं. त्याच्या पुढच्याच बुधवारी उपवासकाळ सुरू होणार होता. त्या चाळीस दिवसांत आमच्याकडे लग्न लागत नाही. त्यामुळे तारीख पुढे ढकलणं कुणाच्या हातात नव्हतं. सोमवारी संध्याकाळी आक्काने शेवटची ओळ बंद केली, धागा तोडला आणि जाळी सुईवरून काढून दिवाणावर ठेवली. आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, भोवती उभे होतो.

दिवाणावर जे पडलं होतं त्याला जाळी म्हणायला जीभ वळत नव्हती. कडा आत वळलेल्या, मधे सगळा चुरगाळा. पानं कुठे दिसतच नव्हती. रंगसुद्धा पांढऱ्यापेक्षा मळकट वाटत होता. मी टेप लावला. रुंदी एकोणचाळीस इंच, लांबी अठ्ठावन्न. मी टेप उलटा धरून परत मोजलं. तेवढंच.

आक्का खाली वाकली, एक कड बोटाने सरळ केली. सोडल्यावर ती परत वळली.

"बँडेज आहे हे," ती म्हणाली. "वापरलेलं."

मुलगी लगेच म्हणाली, "आत्या, मी हीच घालणार. छोटी तर छोटी. बिल्कुल दुसरी नको मला."

"चर्चमध्ये लोक तुला बघायला येणार आहेत. माझी कीव करायला नाही."

"पण आत्या—"

"उद्या आईबरोबर जा आणि तयार आण. पैसे मी देते. म्हणजे आत्यानेच दिली असं होईल." तिने जाळी घडी केली, उशीच्या अभ्र्यात घातली, आपल्या ट्रंकेत ठेवली आणि भाजी निवडायला बसली. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नव्हतं. मेथीची पानं ती चार बोटांनी खुडत होती.

स्वयंपाकघरात बायको माझ्या कानाशी म्हणाली, "झालं ना पानिपत?"

मी कागद घेऊन बसलो. छत्तीस गुणिले दीड, चोपन्न. अठ्ठेचाळीस गुणिले पावणेदोन, चौऱ्याऐंशी. कितीदा केलं तरी उत्तर बदलेना. मग आक्काच्या परवानगीने मी ट्रंक उघडली, दिव्याखाली जाळीची एक कड धरली आणि पानं मोजली. छत्तीस होती. एकही कमी नाही. सहा पानांची रुंदी घेतली. साडेसहा इंच. ऑफिसात तीच सहा पानं नऊ इंच भरली होती. धागा तोच, सुया त्याच, हात तोच. मग अडीच इंच गेले कुठे?

मंगळवारी ऑफिसात गेल्यागेल्या मी काच उचलली आणि नमुना बाहेर काढून मोजला. नऊ इंच. मी आधी माझ्या स्केलवर संशय घेतला. पलीकडच्या सेक्शनमधून दुसरी स्केल मागून आणली. नऊ इंच. मग खुर्चीत बसलो आणि हिशोबात तफावत आली की आम्ही जे करतो तेच केलं. दोन्ही रकमांमध्ये सारखं काय आहे ते खोडत गेलो आणि वेगळं काय उरतं ते पाहिलं. सगळं खोडून झाल्यावर एकच गोष्ट उरली. नमुन्यावर चहा सांडला होता, जाळीवर नव्हता. म्हणजे नमुना भिजला होता, मी तो ताणला होता, आणि तो ताणलेल्या अवस्थेत काचेखाली दोन दिवस सुकला होता.

मी नमुना पाकिटात घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आक्का मटार सोलत होती. तयार जाळी आणायला त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं. मुलीने डोकं दुखण्याचं निमित्त काढलं होतं. मी एका वाटीत पाणी घेतलं, आक्कासमोर ठेवलं आणि नमुना तिच्या हातात दिला.

"हा बघ. नऊ इंच. कसा सपाट आहे."

"आहे. मग?"

मी तो पाण्यात टाकला. तो बघताबघता आकसला, कडा वळल्या. बाहेर काढून टॉवेलात दाबला आणि टेप लावला. साडेसहा इंच, आणि सोमवारच्या जाळीसारखाच चुरगळलेला. मग इस्त्रीच्या पाटावर ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ओढला आणि कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. नऊ इंच. पानं परत उघडली.

आक्काने मटार बाजूला ठेवले. "ओली लोकर ताणत नाहीत," ती म्हणाली. चाळीस वर्षं तिने हे शेकडो जणींना सांगितलं होतं. लॉनवरची कुठलीही बाई हेच सांगेल.

"स्वेटरची ताणत नाहीत. स्वेटर अंगाच्या मापाचा राहायला पाहिजे म्हणून. हिला कुठलं अंग आहे?"

तिने नमुन्यावर बोट फिरवलं. मग एकदम म्हणाली, "त्यांच्या व्हरांड्यात गादी होती."

"कुणाच्या?"

"नर्सबाईंच्या. शाल पुरी झाली त्या आठवड्यात. त्यांनी व्हरांड्यात गादी टाकली होती आणि दिवसभर कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. आम्हा पोरींना वाटलं, बाईंच्या गादीत ढेकूण झाले." ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत होती आणि थांबत नव्हती. "महिनाभर आम्ही त्यांच्या खोलीत बसलो नाही रे. ढेकूण म्हणून."

मुलगीही हसली. मग आक्का उठली आणि हसणं संपलं. "एवढी मोठी ओढताना तुटली तर?" ती मला म्हणाली. "एक धागा गेला की ओळच्या ओळ उसवेल."

"तुटली तर तयार आणू. आज ती ट्रंकेत आहे म्हणजे तशीही नाहीच."

"बरोबर," ती म्हणाली. "पेशंट तसाही जाणार असेल तर ऑपरेशन करतात." आणि त्या क्षणापासून ती ड्यूटीवर आली.

बुधवारी आभाळ भरलेलं होतं आणि दुपारी बारीक पाऊस आला. काही करता येईना. आक्काने त्या दिवशी टाचण्यांची परीक्षा घेतली. मी मार्केटमधून साध्या आलपिनांच्या चार डब्या आणल्या होत्या. ऑफिसात आलपिना पोत्याने पडलेल्या असतात. "एका लग्नाने सरकार बुडालं नसतं," असं बायको म्हणाली, पण मला ते जमत नाही. आक्काने एक आलपिन ओल्या पांढऱ्या कापडात टोचून ठेवली. संध्याकाळी तिथे तपकिरी ठिपका होता. "बघ," ती म्हणाली, "उद्या हे नवरीच्या डोक्यावर असतं." मी परत जाऊन पितळी टाचण्या आणल्या. त्यांचा डाग पडला नाही.

गुरुवारी ऊन पडलं. मी रजा टाकली. आक्काने कोमट पाण्यात रिठ्यांचा फेस केला आणि जाळी त्यात बुडवली. वर आली तेव्हा तो मळकटपणा गेला होता. चार महिन्यांची हातांची आणि उन्हाची धूळ होती ती. बाहेर काढताना तिने आम्हाला नुसत्या हाताने उचलू दिलं नाही. "वजनाने ओढली जाईल. खाली चादर घाला, चौघं चार कोपरे धरा. पेशंट हलवतात तशी." चौथा कोपरा धरायला भाभीजींना वर बोलावलं.

गच्चीवर मी सकाळीच तीन गाद्या जोडून टाकल्या होत्या, त्यावर पांढऱ्या चादरी. टेपने मापून सात फूट बाय साडेचार फुटांचा चौकोन दोऱ्याने आखला होता आणि तो तिरका होऊ नये म्हणून दोन्ही कर्ण मोजून सारखे केले होते. बायको म्हणाली, "घर बांधताय की काय?"

आक्काने मधोमध पहिल्या टाचण्या लावल्या आणि मग आम्ही कडेकडे गेलो. एकीकडून थोडं ओढायचं, समोरून तेवढंच ओढायचं. ओली लोकर हाताखाली हळूहळू सरकत होती. कुठे जास्त ताण आला की आक्का म्हणायची, "थांबा," आणि सगळे हात जिथल्या तिथे थांबायचे. एकदा मुलीच्या बाजूला कट्‌ असा आवाज झाला. आम्ही सगळे तिच्याकडे बघू लागलो. तिच्या बांगडीचा होता. तिने बांगड्या काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवल्या.

अर्धं झालं तेव्हा पानं दिसायला लागली. आधी मधली, मग त्यांच्या शेजारची. प्रत्येक भोक उघडत होतं आणि त्यातून खालची चादर दिसत होती. मी दोऱ्याकडे बघत होतो. दोऱ्याला एक वीत अंतर राहिलं, मग चार बोटं, मग मुलीने शेवटची कड ओढली आणि ती दोऱ्यावर आली. बाकीच्या तिन्ही बाजूसुद्धा. चोपन्न आणि चौऱ्याऐंशी.

भाभीजी गुडघ्यावर बसून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बहनजी, माफ़ करना. यह मच्छरदानी नहीं है."

"मैंने कब कहा था," आक्का म्हणाली.

मी टेप काढला तर तिने माझा हात धरला. "अजून नाही. टाचण्या काढल्यावर ती परत आकसली तर? सुकू दे. टाचण्या काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही."

ही शंका मलाही होती. नमुना काचेखाली दोन दिवस होता. इथे आमच्याकडे एक दुपार होती. मुलगी काठी घेऊन कबुतरं हाकत बसली. वर घारी फिरत होत्या. बायकोने गच्चीवरच चहा आणला आणि आक्काने तो कप जाळीपासून दहा फुटांवर, पाण्याच्या टाकीमागे ठेवायला लावला. "एकदा सांडला तेवढा पुरे," ती म्हणाली. मी म्हणालो, "सांडला म्हणून तर समजलं." त्यावर ती टाकीमागे जाऊन सगळा चहा प्यायली.

साडेतीनला टाकीची सावली गादीपर्यंत आली. आक्काने हाताची मागची बाजू जाळीला लावून पाहिली, ताप बघतात तशी. सुकली होती. आम्ही टाचण्या काढायला लागलो. तिने प्रत्येकाला एक वाटी दिली आणि काढलेली टाचणी वाटीतच टाकायची अशी ताकीद दिली. ऑपरेशननंतर हत्यारं मोजतात तशा तिने शेवटी त्या मोजल्या. एक कमी भरली. ती तिच्याच पदराला निघाली.

शेवटची टाचणी निघाल्यावर जाळी किंचित सैल झाली आणि तिथेच राहिली. आम्ही वाट पाहिली. कडा वळल्या नाहीत. मी आक्काकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी मोजलं.

"लांबी त्र्याऐंशी. रुंदी त्रेपन्न."

"एकेक इंच कमी आहे," आक्का म्हणाली.

"तो मी सोडून दिला."

"तू?" ती म्हणाली. "तू सोडून दिलास?" आणि बायको इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं.

जाळी घडी करून मुलगी आणि बायको खाली गेल्या. मी दोरा गुंडाळत होतो. मागे वळून पाहिलं तर आक्का त्या रिकाम्या गादीवर आडवी झाली होती, कुशीवर, उरलेल्या उन्हात. चादरीला टाचण्यांच्या भोकांची चौकट होती आणि ती बरोबर तिच्या आत झोपली होती. दोन्ही हात पुढे उघडे पडले होते. नोव्हेंबरपासून ते मी रिकामे पाहिले नव्हते. तिला उठवलं नाही. सावली तिच्यापर्यंत आली तेव्हा खालून शाल आणून घातली.

शनिवारी चर्चच्या दारात आक्काने मुलीच्या केसात जाळी बसवली. बोटं दुखत होती म्हणून पिना बायकोने लावल्या. कुठे लावायच्या ते आक्का सांगत होती. बाहेर थोडा वारा होता. जाळी वाऱ्याने उचलायची आणि परत पांढऱ्या साडीवर बसायची. साखरपुड्याला लोकरीचं विचारणारी बाई जवळ आली, कडेचं एक पान दोन बोटांत धरून तिने पाहिलं आणि म्हणाली, "कुठून आणली हो?"

"घरची आहे," आक्का म्हणाली.

आतून पेटीचा सूर सुरू झाला. मुलीने माझा दंड धरला. "पपा, काही वजनच नाही हिचं," ती कुजबुजली. "पडली तर कळणारसुद्धा नाही."

आक्काने ते ऐकलं. "सरळ चाल," ती म्हणाली. "मागे बघू नकोस. ती येतेय."

मुलीने मागे पाहिलं नाही. मी मात्र चार पावलं गेल्यावर एकदा पाहिलं. येत होती.